मेंढ्यांची स्वारी

पावसानं दडी मारली की भटक्या टोळ्या शेजारच्या गावांवर तुटून पडतात, हा माझा लाडका सिद्धांत. त्यावर मी जाडजूड ग्रंथच लिहिलाय. परवा फिरायला गेलो, तर एका मोकळ्या रानात शेकडो मेंढ्या शिरत होत्या. मी छत्री उगारून धावलो.

"गुरुजी, हाकलू नका!" शेतकरी बांधावरून ओरडला. "हातापाया पडून आणल्यात रात्री रानात बसवायला. लेंडीखत पडलं नाही तर माझी ज्वारी कशी यायची?"

मेंढपाळ मात्र रुसून कळप वळवू लागला होता. मी हात जोडले.

"राहतो," तो म्हणाला, "पण ह्यांना आधी घरी पोचवा."

आता ग्रंथातली प्रत्येक स्वारी वाचताना मला शंका येते, की त्या टोळ्यांनाही कुणी आग्रहानं बोलावलं तर नव्हतं?