रतनचा मंगळवार

वाती वळायला बसले होते. अर्ध्या झाल्या आणि दारात रतन. हातात बेलाची जुडी, तोंड उतरलेलं.

"काकू, काल बुधवारी परत झटका आला."

रतन भुशीच्या वरच्या वाडीतली. आमच्या गल्लीच्या टोकाला चिक्कीचा कारखाना आहे, तिथे ती भट्टीवर गुळाचा पाक हलवायची. कामाला येताना माझ्या पूजेला बेल आणायची. उन्हाळ्यात भट्टीपुढेच तिला पहिली फिट आली आणि मनगट भाजलं. कुणी कांदा हुंगवला, तर कुणी अंगात आलं म्हणून हळदकुंकू वाहिलं. मी मात्र तिला आणि तिच्या नवऱ्याला, कान्हूला, घेऊन तळेगावचं हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर अनघाबाईंनी डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. कान्हू सारखा घाम पुसत होता.

"डोकं फोडनार न्हाई ना, बाई?"

"एवढ्या वर्सांत म्या तुमचं फोडलं न्हाई, त्या कशाला माजं फोडतील?" रतन म्हणाली.

अनघाबाई हसल्या. "ऑपरेशन नाही. अपस्मार आहे, गोळ्यांनी आटोक्यात येतो. रोज दोन वेळा, न चुकता. पण झटके थांबेपर्यंत विस्तवापाशी उभं राहायचं नाही."

"मंग थांबवूच," रतन म्हणाली.

पण थांबेनात. गोळीची ताकद वाढवली, तरी येतच राहिले. आणि आता हा बुधवारचा. मागचाही बुधवारचाच होता, हे मला आठवलं.

"मंगळवारी काय करतेस गं?"

"एकवीरेचा उपास. निर्जळी. आईला म्हनलं, भट्टी परत दे."

"आणि गोळी?"

"काकू! निर्जळीला गोळी चालती व्हय?"

"डॉक्टर दर वेळी विचारतात, रोज घेतेस ना, म्हणून. तू हो म्हणतेस!"

"रोजच घेते की. उपासाचा दिस कोन त्यात धरतं?"

कपाळावर हात मारला आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. अनघाबाई म्हणाल्या, "देवीचं करू दे, पण पाणी प्यायचं, फळं खायची आणि गोळी घ्यायचीच."

रतनने हातातली बेलाची जुडी देव्हाऱ्यापाशी ठेवली. नवस मोडायचा म्हणजे तिच्यासाठी सोपं नव्हतं. मग पदर खोचून उठली.

"भट्टी आईकडंच मागितली. तिनं गोळीच धाडली आसंल तर म्या तिच्याच वारी टाकून देऊ व्हय?"

पुढच्या मंगळवारी तिने गोळीची पुडी माझ्या देव्हाऱ्यापुढे ठेवली, कुंकवाचं बोट पुडीला लावलं आणि गोळी तीर्थाबरोबर गिळली. तेव्हापासून दर मंगळवारी असंच चाललंय. बुधवार झटक्याविना जातायत. कारखान्याने तिला पाकिटं भरायला बसवलंय. हात पाकिटावर, डोळे कढईवर. नवीन बाई पाक करपवते म्हणून चिडते.

"तितं जानारच म्या," म्हणते.

भट्टीला अजून डॉक्टरांनी हो म्हटलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने रतन तळेगावला जाणार आहे, पुन्हा आलेख काढून घ्यायला.