‘तू’ म्हणणाऱ्या आजी

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजारच्या आजी क्वेकर आहेत, म्हणजे प्रार्थनाही गप्प बसून करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या. काही विचारलं की आधी इतका वेळ गप्प बसतात, की फोनवर मला वाटतं, कॉल कट झाला. आमच्याकडे येऊन-जाऊन त्या मोडकं मराठी शिकल्या, पण लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात.

सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा आजी ॲपल पाय घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तू जेवलीस?”

सासूबाईंचा चेहरा बघून मी आजींना किचनमध्ये नेलं आणि ‘तुम्ही’ समजावलं. नेहमीसारख्या गप्प राहून मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, “जुन्या इंग्रजीतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे होते; सगळे समान म्हणून आमचे पूर्वज इंग्लंडमध्ये न्यायाधीशालाही ‘तू’च म्हणायचे. त्यापायी तुरुंगात गेले, शेवटी समुद्र ओलांडून इथे आले. तुझ्या सासूला चालतं का, मी तिलाच विचारते.”

मी अडवायच्या आत त्या बाहेर गेल्या. “तुला ‘तू’ चालेल?”

या वेळी सासूबाई गप्प बसल्या, अगदी क्वेकरांसारख्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “चालेल गं. मला ‘तू’ म्हणणारं आता कुणी उरलंच नव्हतं.”