अण्णांची तीन अक्षरं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगलीत तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले. मी कॉम्प्युटरवर फॉन्ट करते, म्हणून मला ते ‘पोटावर पाय देणाऱ्यांच्या गोटातली’ म्हणून चिडवायचे. शेवटी जुन्या पाट्यांच्या फोटोंवरून मी त्यांच्याच वळणाचा फॉन्ट करायला घेतला. झ, ढ आणि ऐ काही कुठे सापडेनात.

थंडीत अण्णा उत्तरेत, आमच्या चंडीमंदिर छावणीतल्या लष्करी क्वार्टरमध्ये आले. एरवी दहा वेळा बोलवावं लागतं, यंदा आपणहून. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ती तीन अक्षरं रंगवून दिली. बाकीचे पेंटर मनगट काठीवर टेकवतात. अण्णा अधांतरी हातानं रंगवत आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

स्क्रीनवर अक्षरं मोठी केली तर कडा करवतीसारख्या. थंडीनं हात कापला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात बसवून पुन्हा लिहून घेतली. तेच. मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी चहाची बशी डुगडुगायची, मग शर्टाची बटणं लागेनात, शेवटी चार वर्षं अंथरूण.

मी भित्री आहे. कुणालाच बोलले नाही. कडांवरचे जास्तीचे बिंदू काढून टाकले, आमच्या कामात तसं करतातच, आणि अक्षरं गुळगुळीत केली. जेवताना त्यांच्या हाताकडे बघेनाशी झाले.

तीन आठवड्यांनी फॉन्ट दाखवला. अण्णा चष्मा सावरून बघत राहिले.

“ही तीन माझी न्हाईत.”

“तुमचीच आहेत, अण्णा.”

“माझी हुती. तू घासून काढलीस.”

माझी मुलगी शेजारीच होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. “आजोबा, आपका हाथ तो हिलता है ना?”

मी तिला दटावणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, “हलतोय बाळा, दिवाळीपासनं.” मग माझ्याकडे वळले. “इथं मोठं हॉस्पिटल हाय म्हणून आलो. तोंडानं सांगायचा धीर होईना. म्हटलं, लेकीला अक्षरातलं कळतंय. पुन्हा लिहायला लावलंस तवा वाटलं, आता इचारशील.”

मी ड्रॉवरमधून मूळ कागद काढले.

सकाळी आम्ही हॉस्पिटलच्या रांगेत बसलो. माझ्या पर्समध्ये त्यांनी रंगवलेले मूळ कागद होते, डॉक्टरांना दाखवायला. आमचा नंबर येऊच नये, असं मला अजूनही वाटत होतं.