तीन माणसांना आठ माणसांची हवा

आधी तात्यांचं सांगतो. कळसच्या अलीकडं फाट्यावर टायरचं एक पत्र्याचं दुकान आहे, ते त्यांचं. वय साठीच्या पुढं, डोक्याला टॉवेल, कानावर खडू. माझ्या हातून जे बिघडलं होतं ते त्यांनी नीट केलं. मी त्यांच्या गावचा नाही, भावकीतला नाही, त्यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. पुढचं सांगताना माझाच पाढा जास्त होईल आणि ते मागं राहतील, म्हणून त्यांना पहिलं बसवलं.

मी गोंदियाकडचा. आठवीनंतर शाळा सोडली. रेल्वेनं दौंडला उतरायला जवळजवळ एक दिवस जातो, एवढ्या लांब येऊन बारामतीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर तीन वर्षं काढली. कंत्राट संपलं तेव्हा पणदऱ्याच्या एका मालकांनी त्यांच्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. त्यांचा ऊस आहे, गाई आहेत आणि ही एक व्हॅन. इंदापूरकडच्या वाड्यावस्त्यांवरून पेशंट उचलायचे, बारामतीच्या दवाखान्यात डायलिसिसला सोडायचे, झालं की परत घरी पोचवायचे.

त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नसे. घरून फोन आला की मी 'हो, जेवलो' म्हणायचो आणि ठेवल्यावर कोण बोलत होतं, आई की बहीण, ते आठवावं लागायचं. मशीन बंद झालं तरी हात काही वेळ त्याच तालावर हलत राहतो, तसा मी चालत होतो. भीती तेवढी शाबूत होती. दार लागलं का, हँडब्रेक ओढला का, हे तीनतीनदा बघायचो. ही नोकरी गेली तर कुठं जायचं, हा विचार गाडी चालवताना सोबतीला असायचा.

सोमवारी आणि गुरुवारी माझ्या गाडीत कळसच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या आक्का असायच्या. सत्तरीच्या. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती आहे. उभं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलेलं, त्यामुळं गाडीत बसणं त्यांना मुळातच आवडत नसे. सून बरोबर यायची. येताना आक्का खिडकीतून कुणाच्या रानात काय पेरलंय ते बघत बोलत यायच्या. चार तास मशीनला राहून परत निघाल्या की मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या, आणि ज्या हातात सुया घालतात तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायच्या. मी आरशात बघायचो. बघायचो एवढंच.

गाडीची चाकं झिजली होती. एक रिम, म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक, खड्ड्यात आपटून वाकली होती. मालक म्हणाले, "बारामतीत जा, चांगली चाकं टाक. आजारी माणसं असत्यात, आराम वाटला पायजे." निवड माझ्यावर सोडली. आजवर माझ्यावर कुणी काही सोडलं नव्हतं. मी दुकानात गेलो आणि चकचकीत मॅगव्हील, म्हणजे शोभेच्या रिमची चाकं घेतली, मूळच्या रिमपेक्षा मोठी. माझा हिशेब सरळ होता. आमच्याकडच्या बैलबंडीचं चाक मोठं असतं, ते खड्ड्यात अडकत नाही. मोठं चाक, कमी धक्का. वर हवाही टणक भरून घेतली. ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले पंपावर म्हणायचे की टायरला अंगठा रुतला तर ती हवाच नव्हे. मी इथलं शिकत होतो ना, मग तेही शिकलो.

गाडी सुंदर दिसायला लागली. स्टिअरिंग हलकं लागलं. मी खूश झालो असेन.

पहिल्या सोमवारी परत येताना आक्का दोनदा उठून बसल्या. गुरुवारी सून म्हणाली, "दादा, जरा सावकाश." मी सावकाशच होतो. पुढच्या सोमवारी वस्तीवर उतरताना आक्कांनी दाराला धरलं आणि लेकाला म्हणाल्या, "आता बास. टेंपोत घालून मेंढरं न्हेत्यात, त्यांनाबी यापरीस बरं असंल. म्या न्हाय जायाची आता."

लेक म्हणाला, "आय, न जाऊन चालतंय व्हय?"

"मग तू झोप तितं मागं."

गुरुवारी मी दारात हॉर्न वाजवला. त्या आल्या नाहीत. लेक बाहेर येऊन हात हलवून आत गेला. लेकानं दुसरी गाडी बघतो म्हटलं तर तिलाही नको म्हणाल्या होत्या. शुक्रवारी सुनेचा फोन आला. पायाला सूज आली होती, धाप लागत होती, दवाखान्यातून बजावलं होतं की सोमवार चुकवू नका, चुकवला तर जिवावर बेतेल. ती मला दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती. मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की एक माणूस मरू शकतं आणि त्याला कारण मी घेतलेली चाकं असू शकतात. असं कळल्यावर छातीत काही व्हायला पाहिजे. मी दार लागलंय का ते बघून आलो.

शनिवारी वस्तीवर जाऊन समजूत घालून बघितली. आक्का उन्हाला बसल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझा काय दोस न्हाय बाबा. चहा घे नि जा." परत येताना गाडी पुढं न्यायचं मन होईना, म्हणून तात्यांच्या दुकानापुढं उभी केली. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणालो, "हवा बघा जी."

तात्यांनी हवा बघितली नाही. चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुणाच्या वरातीला निघालाय?"

"पेशंटची गाडी आहे जी."

"जी-जी नगं करू, हितं कोण तुझा साहेब हाय. पेशंट काय म्हणतंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सूज, गुरुवार, सोमवार. इतकं सलग मी बऱ्याच महिन्यांत बोललो नव्हतो. तात्या ऐकत चाकाजवळ उकिडवे बसले आणि रबराच्या भिंतीवर बोटं आडवी ठेवून मोजली. दोन बोटं भरली, तिसरं रिमवर गेलं. मग कडेच्या जुन्या चाकावर मोजून दाखवली. तिथं चार बोटं रबर होतं.

"चाक हाय तेवढंच हाय. लोखंड वाढलं, हवा घटली. गाडी रबरावर चालती व्हय? हवंवर चालती. रबर नुसती पिशवी. पिशवीच बारकी केलीस, वर ती टणक भरलीस." मग म्हणाले, "तू कधी मागं बसलाय का ह्या गाडीत?"

मी नाही म्हणालो.

"म्हंजे निजायचं तर लांबच. चावी दे. हो मागं."

ड्रायव्हरला कुणी मागं झोपवत नाही. मी आक्कांच्या जागी आडवा झालो. त्यांनी वर सांगितलं, "त्या धरत्यात तसा हात धर." मी धरला. तात्यांनी गाडी कळसच्या दिशेनं काढली, माझ्यापेक्षाही हळू. खड्डे मला पाठ होते, त्यांची तयारी होती. पण खड्डे नसलेल्या ठिकाणीही रस्ता अंगात येत होता. डांबराचा प्रत्येक जोड, प्रत्येक ठिगळ, बाहेर आलेली खडी. धक्का कमरेत शिरून खांद्यात यायचा आणि तिथून धरलेल्या हातात. सीटचा लोखंडी दांडा बरगडीला लागत होता. आडवं झाल्यावर फक्त छत दिसतं, त्यामुळं पुढचा धक्का कधी येणार ते कळत नाही. पुढं बसून मला ते नेहमी कळत होतं.

मैलभर गेल्यावर तात्यांनी न वळता विचारलं, "कसं काय, पाव्हणं?"

"दुखतंय."

"कुठं?"

"सगळीकडं."

"आन् तुझ्या अंगात सुया न्हाय गेल्या अजून."

परत दुकानात आल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती, धुळीनं काळी. तात्यांनी ओल्या फडक्यानं पुसली. त्यावर हवेचे आकडे होते. थोडी माणसं असतील तर एक, गाडी भरलेली असेल तर दुसरा, जास्तीचा. ते दार मी रोज वीसदा उघडत होतो.

"तू, आक्का आन् सून. किती झाली?"

"तीन."

"तीन माणसांना आठ माणसांची हवा भरून हिंडतोय. त्याच्याबी वर भरलीस. शाळंत गेलावता का न्हाय?"

"आठवीपर्यंत."

"मी चौथी. म्हंजे तू चार वर्सं वाया घालवली."

मग एकदम कामाचं बोलले. जुन्या लोखंडी रिम कुठं आहेत? मालकांच्या गोठ्यात. वाकलेली सोडून बाकी तीन आण, चौथी माझ्याकडं आहे. मॅगव्हीलला गिऱ्हाईक मी बघतो. वडगाव निंबाळकरच्या एका माणसाला अशीच चाकं पाहिजे होती, त्याला त्यांनी समोरच फोन लावला. त्याच्याकडून येईल त्यात नवीन टायर बसतील, असं त्यांनी जमवून दिलं.

रविवारी सकाळी गोठ्यात रिम उचलताना मालकांना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं आता नोकरी गेली. ते धार काढत होते, वर न बघता म्हणाले, "साळा सोडली ते ठीक, डोकंबी तितंच ठिवून आला का?" थोड्या वेळानं म्हणाले, "त्या म्हातारीला न्हे सोमवारी. कसंबी कर."

रविवारी तात्यांचं दुकान बंद असतं. त्या दिवशी त्यांनी उघडलं. मूळच्या मापाच्या रिमवर पहिल्यापेक्षा जरा रुंद आणि उंच भिंतीचे टायर चढवले. उंच टायर वर पत्र्याला घासेल का ते बघायला रस्त्यानं चाललेल्या दोन जाड माणसांना बोलावून मागं बसवलं. "या पाव्हणं, बसा, फुकट हाय." एक म्हणाला, "कुठं न्हेताय तात्या?" "कुठं न्हाय, तुमचं वजन करतुया." माणसं बसलेली असताना मला स्टिअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवायला लावलं आणि स्वतः खाली आडवे होऊन टायर नि पत्रा यांच्यात हात घालून बघितला. मग चाकं मशीनवर फिरवून तोल साधला. हवा पट्टीवरच्या कमी आकड्याला भरली, एका खुणेचाही फरक राहू दिला नाही. "यापरीस कमी करायची न्हाय हां. मऊ लागतंय म्हणून आनिक सोडशील. टायर तापतंय मग, फुटतंय. आन् गाडी भरली की वरचा आकडा."

सोमवारी मी वस्तीवर पोचलो तर तात्या आधीच आले होते, मोटारसायकलवर. मी बोलावलं नव्हतं. आक्का दारात उभ्या होत्या, पाय सुजलेले, चप्पल नीट जात नव्हती.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

तात्या म्हणाले, "आक्का, रस्ता काय मला बदलता येत न्हाय. चाकं बदलल्यात. फाट्यापतूर बसा. न्हाय पटलं तर मी माझ्या गाडीवर मागारी आणून सोडतो."

"तुझ्या फटफटीवर? त्यापरीस मरते की."

"मग व्हॅनमधीच बसा."

सून हसली. आक्का हसल्या नाहीत, पण चढल्या. मी गाडी काढली. इतकी हळू की मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं हॉर्न मारला. तात्या मोटारसायकलवर मागं. आरशात आक्कांनी एक हात दुसऱ्यात धरलेला होता. फाट्यावर मी थांबलो. तात्यांनी खिडकीपाशी येऊन विचारलं, "काय म्हणताय?"

आक्का म्हणाल्या, "उनात कशाला हुबी केली गाडी? न्हे की म्होरं. उशीर झाला तर ती नर्स बाई बोलती मला."

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही. मी गिअर टाकला. बारामती येईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, बोटं सोडवायला वेळ लागला. संध्याकाळी परत येताना आक्का आडव्या होत्या आणि हात सुटून बाजूला पडला होता. मी घाबरून गाडी कडेला घेतली. सून म्हणाली, "झोपल्यात दादा. चालवा."

त्याला आता वर्ष होत आलं. आक्का दर सोमवारी, गुरुवारी येतात. रस्ता तोच आहे, धक्के बसतात, त्या मला शिव्याही देतात. मी आता महिन्यातून एकदा कुणाला तरी गाडी चालवायला देऊन मागं झोपतो.

तात्यांना मी रविवारच्या कामाचे किती पैसे द्यायचे ते विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जा, गिऱ्हाईक उभं हाय." गेल्या महिन्यात बघितलं तर चाक उचलताना ते मध्येच थांबत होते, उजवा खांदा वर जात नाही म्हणाले. तात्या, तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून कुणाकडून तरी वाचून घ्या. ज्या दिवशी तुमच्यानं चाक उचलणार नाही त्या दिवशी मला बोलवा. मी गोंदियाला परत गेलेलो असलो तरी येईन, आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत तुमच्या दुकानात चाकं उचलीन.