साडेतीन वर्षांची पोरगी अन् कॉलेजची परीक्षा

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेले हा किस्सा ऐकताना शेजारणीच्या नाकातून चहा आला होता, अन् तिची साडी मलेच धुवून द्या लागली. ठेवला? मंग ऐका, मी केवढा शहाणपणा करायले गेली अन् कशी तोंडावर पडली ते!

मी स्वभावानं जराशी काळजी करणारी. जराशी म्हणजे, पोरगी एकदा शिंकली तं मी दवाखान्याची पिशवी भरून ठेवते. दोनदा शिंकली तं माहेरी फोन. तिसऱ्यांदा शिंकायच्या आत सासूबाई माझ्या हातातून फोन घेतात.

आम्ही इकडं हिंदी मुलखात, रिसालीले भाड्यानं राहतो. आमचे हे स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर. घरात सासूबाई, मी अन् आमची चिऊ. कागदावर तिचं नाव मैत्री, पण त्या नावानं हाक मारली तं ती स्वतःच मागं वळून पाहते, कोणाले बोलावून राहिले म्हणून! वय साडेतीन.

आता माझं दुखणं सांगते. मी सातवी शिकली. उन्हाळ्याच्या आधी चिऊले नर्सरीत टाकायले एका मोठ्या शाळेत गेलो, तं तिथं एवढ्याशा पोरीची परीक्षा! रंग ओळख, फळं ओळख. बरं बाप्पा, ओळखले तिनं. मंग मायबापाचीही परीक्षा! मॅडमनं विचारलं, "मम्मी कितना पढ़ी हैं?" मी "सातवीं" म्हटलं, पण इतक्या हळू म्हटलं का मलेच ऐकू आलं नाही. तं आमच्या ह्यांनी मदत केली. मशीनच्या आवाजात बोलायची सवय त्याइले! "सा-त-वीं!" बाहेर बसलेल्या साऱ्या मम्म्या आत डोकावल्या.

यादीत चिऊचं नाव आलं नाही. कावून नाही आलं ते कोणी सांगितलं नाही, पण मी माझं समजून घेतलं. घराजवळच्या छोट्या शाळेत टाकलं तिले. मात्र त्या दिवसापासून पोटात एकच भेव बसलं: माझ्या सातवीपायी पोरगी जागोजागी अडकन.

अशात एक दिवस हुडको कॉलनीतल्या कांताकाकू आल्या, रडकुंडीले आलेल्या. त्याइच्या पोरानं, सुमितनं, बीकॉमचे सारे पेपर काढले, पण सक्तीचा भाषेचा पेपर काही निघून नाही राहिला. निबंध लिहायले सांगितला का पोराचा हात थांबते. डिग्री तशीच लटकलेली.

"हिसाबात पोट्टा पक्का, लिहिण्यात कच्चा," काकू म्हणे. "अन् जे लिहिण्यात पक्के, त्याइले गणितात धरतात. आता काही शिका, लिहिणं अन् गणित दोन्ही काढल्याबिगर डिग्री भेटत नाही वो."

"दोन्ही?" माझ्या हातातलं भांडंच सुटलं.

"दोन्ही! तू आपली आतापासूनच चिऊले अभ्यासाले बसवजो."

काकू मजाकमध्ये बोलल्या. सारं जगच माझ्याशी मजाकमध्ये बोलते, मी एकटीच खरं समजते.

मले काही झोप लागेना. मी विचार केला, नर्सरीच्या वेळेस काही माहीत नव्हतं म्हणून फसलो. डिग्रीचं आधीच विचारून ठेवलं तं बिघडलं काय? दुसऱ्या दिवशी चिऊले सासूबाईजवळ ठेवलं, ऑटो केला अन् गेली एका कॉलेजात. तिथं ही गर्दी! ॲडमिशनचे दिवस. खिडकीमागं एक बाबू बसलेले, डोळ्यांवर चष्मा, मान खाली. आमचं बोलणं संपेपर्यंत त्या माणसानं मान वर केली नाही. केली असती तं माझं वय दिसलं असतं, अन् हा किस्साच झाला नसता!

"भैया, डिग्री के लिए लिखना और गणित दोनों लगता है क्या?"

"लगता है. सबको लगता है. बच्चा कैसा है पढ़ने में?"

"बच्ची है, भैया. लिखती है थोड़ा-थोड़ा. कभी-कभी उल्टा लिख देती है."

"हं. गणित?"

"गिनती आती है बीस तक. बस बीच में तेरह छोड़ देती है."

आता तुम्हीच सांगा, इथं तरी त्या माणसानं दचकायले पाहिजे होतं का नाही? नाही! त्यानं लांब श्वास सोडला. "बहनजी, आप पहली हो जो सच बोल रही हो. बाकी सब बोलते हैं, मेरा बच्चा टॉपर है. मन लगता है पढ़ाई में?"

"पाँच मिनट. फिर मोबाइल माँगती है. नहीं दो तो जमीन पे लोट जाती है."

"वही तो!" बाबूनं टेबलावर हात आपटला. "घर-घर का यही हाल है! मार्कशीट?"

नर्सरीची मार्कशीट कुठून आणू? "अभी नहीं मिली, भैया."

"किसी को नहीं मिली. बाद में जमा करना. शनिवार को जाँच परीक्षा है, लिखना और गणित. जो कमज़ोर निकलेगा, उसको एक्स्ट्रा क्लास करनी पड़ेगी, नहीं तो आगे डिग्री अटकेगी. नाम?"

"मैत्री. मैं साथ में आ सकती हूँ ना?"

"आना ही है. अभिभावकों की, माँ-बाप की, मीटिंग भी है."

तुम्ही म्हणसान, बाई, साडेतीन वर्षांच्या पोरीले कॉलेज कावून बोलावन? अवो, पण नर्सरीनं अडीच फुटाच्या पोरीची परीक्षा घेतली, तेव्हा कोणी काही म्हटलं का? मले वाटलं, मोठ्या ठिकाणची हीच रीत असन. लहानपणीच पारखून घेतात!

घरी येऊन ह्यांले सांगितलं. नाइट करून झोपले होते. "अहो, शनिवारी चिऊची परीक्षा आहे, कॉलेजात." ते म्हणाले, "हं." आता ह्यांच्या 'हं'चं सांगू का? आमचं लग्नसुद्धा त्या 'हं'वरच ठरलं होतं.

सासूबाईइले सांगितलं, तं त्याइची छाती फुगून ही एवढी! जोतिबा-सावित्रीच्या फोटोपुढे चिऊले उभी केली अन् मंग गल्लीत निघाल्या. "आमच्या नातीले कॉलेजनं बोलावलं!" कोणी विचारलं नाही, कितवीत आहे म्हणून. उलट एक बाई म्हणे, "आजकालचे लेकरं हुशारच राहतात."

शनिवारपर्यंत मी पोरीचा जीव खाल्ला. जेवताना गणित, न्हाताना गणित. डाळीचे दाणे मांडले, तिनं ते खाऊन टाकले. अर्ध्या दिवसात तिनं मलेच 'मॅडम' म्हणणं सुरू केलं, अन् संध्याकाळी सासूबाईच्या पदरात तोंड लपवून बसली.

शनिवारी सकाळी गल्लीनं दही-साखर भरवली. तिघी-चौघींच्या हातची! पोरगी दह्यानं माखली. तिले पुन्हा धुवून, नवीन फ्रॉक घालून, दोन शेंड्या बांधून कॉलेजात पोचली.

हॉलमध्ये पाहते तं काय, दाढ्यावाले पोरं, ओढण्यावाल्या पोरी! मी मनात म्हटलं, हे दादा-ताई असतील, भावंडांले घेऊन आले असतील. भावंडं बाहेर खेळत असतील. पाहा ना, डोकं किती चालते माझं!

एक कमी वयाची मॅडम नावं पुकारून राहिली होती. "मैत्री!" मी चिऊचा हात वर केला, पण बेंचाच्या आड तिचा हात कुठून दिसणार? म्हणून मी माझाही केला. मॅडमनं पेपर आणून माझ्यापुढं ठेवला अन् चिऊच्या गालाले हात लावला. "घर में कोई रखने वाला नहीं था क्या? कोई बात नहीं, हमारे यहाँ बहुत सी शादीशुदा लड़कियाँ बच्चे लेके पेपर देने आती हैं."

यातलं मले फक्त 'पेपर' ऐकू आलं. नर्सरीसारखंच, इथंही मायबापाची परीक्षा! अन् सातवीवाली माय पुन्हा सापडली!

तेवढ्यात चिऊनं भोंगा काढला. "मले पन पाहिजे!" सारा हॉल मागं वळला. मॅडमनं घाबरून तिच्याही पुढं एक पेपर ठेवला, एक पेन्सिल दिली. पोरगी गप्प. बसली गोल रंगवत.

गणिताचे वीस प्रश्न, प्रत्येकाले चार गोल, बरोबर उत्तराचा एक गोल भरायचा. पहिल्याच प्रश्नात दोन नळ टाकी भरून राहिले होते अन् एक नळ रिकामी करून राहिला होता. अवो, मंग तो बंद कावून करत नाहीत? रिसालीत आमच्या इथं असं पाणी वाया घालवलं तं बायका मारायले उठतील! मी घाम पुसत, जीव ओतून, एकेक गोल भरला. शेजारी चिऊ गाणं म्हणत भरून राहिली.

मंग लिहिण्याचा कागद. 'मुझे डिग्री क्यों चाहिए.' दहा ओळी.

इथं मात्र माझा हात थांबला नाही. लिहिलं: "मुझे डिग्री नहीं चाहिए, मैत्री को चाहिए. मैं सातवीं तक पढ़ी हूँ, इसमें उसकी कोई गलती नहीं है. वह साढ़े तीन साल की है. लाल और पीला पहचानती है. आप लोग उसको मत अटकाइए." अन् खाली सही केली.

पेपर तिथल्या तिथंच तपासले. भोकं पाडलेला पुठ्ठा गोलांवर ठेवला का झालं. आम्ही बाहेर बसलो. थोड्या वेळानं आतून असा आवाज आला जसं कोणाले ठसका लागला. मंग मोठ्या मॅडम माझा कागद अन् दोघींचे पेपर घेऊन बाहेर आल्या, डोळे पुसत.

"मैत्री कौन है?"

मी चिऊले पुढं ढकललं. "नमस्ते बोल बेटा."

चिऊनं नमस्ते केलं. दोन्ही हात पेन्सिलीनं काळे.

मॅडमनं बाबूले हाक मारली. बाबू आले, चष्म्यातून खाली पाहिलं, अजून खाली पाहिलं, तेव्हा कुठं त्याइले चिऊ दिसली.

"बहनजी! आपने बताया नहीं!"

"आपने पूछा कहाँ, भैया?"

"आपने कहा गिनती बीस तक आती है!"

"आती है ना!"

मॅडम बाबूकडे वळल्या. "और बीस तक गिनती सुनके आपको शक नहीं हुआ?"

"मैडम," बाबू डोकं खाजवत म्हणाले, "पिछले साल वालों को देखके... मुझे तो लड़की ठीक लगी."

काय हसले लोक! दाढीवाले हसले, ओढणीवाल्या हसल्या, चपरासी भिंतीले टेकला. मले वाटलं जमीन फाटावी. पण मॅडमनं मले खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं अन् समजावून सांगितलं: हे सारं बारावीनंतरचं, अजून लय वर्षं आहेत, अन् मायच्या सातवीपायी कोणती पोरगी डिग्रीले अडकत नसते.

खरं सांगू? त्या शेवटच्या वाक्यानं मले एवढं हलकं वाटलं का मी हसणाऱ्यांच्या वर आवाज काढून हसली. अन् हसता हसता जिभेले हाड राहिलं नाही. विचारून बसली, "मैडम, बच्ची का कितना आया?"

"बच्ची के सात. छह में पास है."

"पास!" मी उडीच मारली. "और मेरा?"

"आपका रहने दीजिए."

"नहीं, बोलिए ना मैडम!"

मॅडमनं हातातल्या पेपराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "चार."

घरी आली तं सासूबाई दारातच, हातात साखरेची वाटी, मागं अर्धी गल्ली, अन् कांताकाकूही. "पास का?"

"पास," मी म्हटलं, अन् पटकन आत सटकून राहिली होती, तेवढ्यात माझ्या कडेवरून चिऊ ओरडली, "मी पास! मम्मा फेल!" अन् टाळ्या वाजवल्या.

सासूबाईनं माझ्याकडे पाहिलं, चिऊकडे पाहिलं, काय समजायचं ते समजल्या, अन् चिमूटभर साखर माझ्याही तोंडात टाकली.

"असू दे वो," म्हणे, "पुढच्या खेपेले पोरीच्या मांगच्या बेंचावर बसजो. तिचं पाहून लिहिजो."

अन् मी? तोंडात साखर, डोळ्यात पाणी, मान डोलवून 'हो' म्हटलं ना!