कानवाले भाऊ

सावली गावाच्या बसस्टँडपासून चार दुकानं सोडून गुणवंतरावांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटी केव्हाचीच गंजली, पण ती वाचून तिथे येतं कोण? कानवाले भाऊ कुठी बसतात, असं विचारलं की पोरंसोरंही बोट दाखवतात. हे नाव त्यांनी तीस वर्षांत कमावलं होतं. गाडी दुकानासमोर थांबायच्या आत डायनामोची बेअरिंग गेली की बेल्ट सैल झाला, हे ते आतूनच सांगून मोकळे होत. बाकीचे मिस्त्री मीटर लावत बसायचे. हे डोळे मिटून बोनेटला कान लावायचे आणि फॉल्ट धरायचे. त्या कानाचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

दोन वर्षांपासून मात्र त्यांना काहीतरी खटकत होतं. गावात रातकिडे ओरडेनासे झाले होते. धानावर इतकी औषधं फवारता, मेले ना सारे रातकिडे, असं ते दिसेल त्याला ऐकवत. ऐकणारा मान हलवून पुढे जाई. कानवाल्या भाऊंना आवाजाबद्दल शिकवायला कोण धजावणार? पण दिवेलागणीला ओट्यावर बसलं की ती शांतता त्यांना सहन होत नसे. ते उठत, रस्त्यापर्यंत जाऊन येत, पुन्हा बसत, पुन्हा उठत. बायको वच्छला एकदा म्हणाली होती, बसा ना जराशे, पायाले भिंगरी बांधली काय? त्यावर ते उगाचच तिच्यावर डाफरले होते.

दिवाळी झाली, धान कापून झालं आणि मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा हंगाम लागला. झाडीपट्टीत मंडई म्हणजे नाटक आलंच, आणि नाटक म्हणजे गावोगाव दवंडी देत फिरणारी प्रचारगाडी. अशीच एक जीप प्रणितची होती. आत स्टिरिओ, सीटखाली अँप्लिफायर, टपावर दोन भोंगे. हंगामासाठी त्याने ती आतून-बाहेरून लालपिवळी रंगवून घेतली होती. तो आला तोच तक्रार घेऊन. गाडी बंद असली की आवाज स्वच्छ, इंजिन सुरू केलं की त्यात एक बारीक 'कीं' अशी शिटी मिसळते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तशी ती चढत जाते.

गुणवंतरावांनी इंजिन सुरू केलं, भोंग्यांखाली उभे राहिले, डोळे मिटले. नाटकाची जाहिरात ऐकू येत होती, इंजिनाची घरघर ऐकू येत होती. कीं कुठेच नव्हती. तुझ्या मनाचा वहम आहे, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी प्रणित परत आला. या खेपेला त्याचा चेहरा उतरलेला होता. तो सांगू लागला, एका गावात बायांनी कानांत बोटं घातली, नाटक मंडळवाले म्हणतात दुसरी गाडी लावतो. गुणवंतराव चिडले. त्यांनी भोंगे बदलून पाहिले, नवा पेन ड्राइव्ह लावला, फ्यूज तपासले, आणि प्रत्येक वेळी प्रणित खाली मान घालून सांगत राहिला, की आवाज आहेच भाऊ. शेवटी त्यांनी रागारागाने स्वतःच अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला आणि काचेतून बाहेर पाहिलं.

प्रणितने दात आवळले होते. दुकानासमोरच्या बाकाखाली झोपलेलं कुत्रं उठलं आणि कान पाडून पानठेल्याकडे निघून गेलं. दुकानाच्या दारात शिलाई मशीनवर बसलेल्या वच्छलेने खांदा उचलून एक कान झाकून घेतला होता.

रस्त्यावरच्या प्रत्येकाला जे ऐकू येत होतं, ते फक्त गुणवंतरावांना येत नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून ते चिंधीला हात पुसत राहिले. कानवाल्या भाऊंना ऐकू येत नाही, एवढं एकदा बसस्टँडवर गेलं की संपलं. उद्या साऱ्या गाड्या गावात नव्यानेच दुकान टाकलेल्या मीटरवाल्या पोराकडे वळतील. आणि वळल्या तरी चालेल, पण लोक आपल्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागतील, या विचाराने त्यांना कानकोंडं झालं.

त्यांनी प्रणितला वीस अँपिअरचा फ्यूज आणायला बाजारात पिटाळलं. डब्यात तसले डझनभर फ्यूज पडले होते. मग ते दुकानात दोन फेऱ्या मारून वच्छलेपुढे उभे राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "गाडीत येऊन बस जराशी. तो आवाज आहे तवर हात वर ठेव. थांबला का खाली कर."

हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून ती मागच्या सीटवर जाऊन बसली. गुणवंतरावांनी गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन सुरू केलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवली. वच्छलेचा हात वर गेला.

त्यांनी एरियलची वायर उपटली. हात वरच. अँप्लिफायरला जाणाऱ्या आवाजाच्या वायरी काढल्या तसा हात खाली आला, जोडल्या तसा पुन्हा वर. म्हणजे भानगड स्टिरिओच्या बाजूला होती. त्यांनी बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर आणली आणि तिचं टोक स्टिरिओच्या पत्र्याला टेकवलं. हात खाली. टोक काढलं, हात वर. पुन्हा टेकवलं, पुन्हा खाली. अर्थिंग! हात आत घालून त्यांनी अर्थची काळी वायर चाचपली. ती गाडीच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने घट्ट बसलेली होती, पण पट्टी लालभडक होती. रंगवणाऱ्याने स्टिरिओ काढून आतली पट्टीसुद्धा हौसेने रंगवली होती आणि स्क्रू त्या रंगावरच परत पिळला होता. रंगातून अर्थ कसा मिळणार? त्यांनी पट्टी पांढरी होईतो खरवडली, स्क्रू आवळला आणि मागे वळून पाहिलं. हात मांडीवर होता.

प्रणितने आल्या आल्या गाडी रेस करून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "मानलं भाऊ. कान असावा तं असा." गुणवंतरावांनी नुसती मान हलवली. आणलेला फ्यूज त्यांच्या मुठीतच राहिला. प्रणित दवंडी देत बसस्टँडकडे गेला, पण त्यांना कुठे चैन पडेना. अवजारांतले पाने मोजले, जागेवर लावले, पुन्हा काढले.

दिवेलागणीला ते ओट्यावर बसले. वच्छला शेजारी येऊन टेकली. चुळबुळ करत त्यांनी तिच्याकडे न पाहता विचारलं, "कवापासून मालूम आहे तुले?"

"दोन वर्सं झाले." तिचं बोलणं शांत होतं. "घरी उजेड कमी पडते म्हनून मशीन दुकानात आनली, खरं वाटलं तुमाले? तुमच्या मांगून सायकलवाले घंटी वाजवत, अन् तुमी आपले रस्त्यात."

त्यांनी नजर वळवून समोरच्या बांध्यांकडे, रिकाम्या शेतांकडे पाहिलं. धान कापलेलं, माणूस नाही, सगळं गपगार. एक गोष्ट मनात आली, आणि ती विचारायची त्यांना भीती वाटली. तरी विचारली.

"वच्छले, रातकिडे?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग दुपारच्यासारखाच हात वर केला. गुणवंतराव त्या हाताकडे पाहत बसले. अंधार पडला, बांध्यांपलीकडच्या घरांत दिवे लागले, तिने दुखतो म्हणून हात बदलला, पण खाली काही केला नाही.