मिठागराच्या कडेची वाकडी भिंत

ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. खाडीकाठी बंद पडलेल्या मिठागराजवळ कामगारांची सात-आठ जुनी घरं उरलेली. तिथं इमारत उठणार, घरवाल्यांना फ्लॅट मिळणार. त्याआधी प्रत्येक घराचा नकाशा कागदावर हवा होता. आमच्या मॅडम म्हणाल्या, "दोन खोल्या आहेत रे, लगेच होईल."

पहिल्याच घराने माझे तीन रविवार खाल्ले.

त्यात एक मावशी एकट्या राहायच्या. तरुणपणी मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिलेल्या. घराचं जोतं दगडी, कंबरेइतकं उंच. भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. वर कौलं. मी मापं घेतली, डोंबिवलीला घरी येऊन कॉम्प्युटरवर बसलो, तर चौथी भिंत पहिलीला मिळेना. पावणेदोन फुटांची फट. वाटलं, टेप सैल धरली असेल. पुढच्या रविवारी खोपट स्टँडवरून रिक्षा करून, चिखल तुडवत परत गेलो. भिंतीला इतकी पोटं आलेली, की एकाच खोलीची रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी भरायची. बायको म्हणाली, "एवढ्यात आख्खी सोसायटी मोजून झाली असती."

तिसऱ्या खेपेला मी वैतागून विचारलं, "मावशी, ही मागची भिंत वाकडी का बांधलीत?"

"वाकडी कुठं? मागं मिठागराचा बांध वलला तशी भिंत वलली. माझ्या बापानं बांधली ती."

मग एकेक कळत गेलं. खाऱ्या पाण्याने एक कोपरा खाल्लेला, म्हणून तो हातभर आत घेतलेला. तुळई जेवढी लांब मिळाली तेवढीच खोली रुंद.

"पण मापलं कशानं?"

"मापायचं कशाला? राहायचं होतं."

मी टेप गुंडाळली. मग जमिनीवर दोऱ्या ताणून, प्रत्येक वळण टिपून घेतलं. त्या रात्री नकाशा जुळला. मला खरंच आनंद झाला.

मॅडमनी तो बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "भिंती सरळ कर. बिल्डरला वाटेल, आपल्याला मोजता येत नाही."

"मॅडम, घरच तसं आहे."

"पाडायचंय ते. कोण बघायला जाणार आहे?"

डोकं तापलेलं, पण वाद घालायची ताकद नव्हती. दहा मिनिटांत मी सगळ्या भिंती सरळ केल्या.

सहीसाठी प्रिंट घेऊन गेलो. मावशींनी कागद आडवा धरला, उभा धरला. "हे कोनाचं घर?"

"तुमचंच."

त्यांनी मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं. "नाय रे. इथं बांध कुठंय?"

मी म्हटलं, ऑफिसची पद्धत आहे अशी. त्यांनी सही केली. मग कोरा चहा ठेवला. तो पिऊन निघालो.

उरलेल्या घरांत मी फक्त लांबी-रुंदी घेतली आणि भिंती पहिल्यापासूनच सरळ काढल्या. ती सगळी एका दिवसात आटोपली. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही.